आवणी, अ‍ॅडमिशन आणि कोतवाल बुक



या पानावर आपण नेहमी बोलतो ते कर्जत-३ च्या बियाण्यावर, करप्यावर, राजनाल्याचे पाणी कधी सुटणार यावर. आज विषय जरा वेगळा आहे. झोडणी आटोपली, वालाची पेरणी झाली, चार दिवस हाताला सवड आहे, म्हणून आत्ताच लिहितो. हाच मजकूर जूनमध्ये छापला तर उपयोग शून्य. त्या वेळी तुम्ही चिखलात असता आणि कॉलेजच्या प्रवेशाच्या फेऱ्याही नेमक्या तेव्हाच असतात. आवणी आणि अ‍ॅडमिशन एकाच पंधरवड्यात यावी, ही कोणाची योजना आहे ठाऊक नाही. पण ती शेतकऱ्याने केलेली नव्हे, एवढे नक्की.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच भागातले एक ठाकूर समाजाचे गृहस्थ माझ्याकडे आले. पायाला चिखल तसाच. आवण उपटून ठेवले होते, बायका शेतावर थांबलेल्या आणि हे तालुक्याला. मुलगी बी.एस्सी. आयटी झालेली. एम.सी.ए.ची सीईटी दिली, मार्क चांगले पडले, कॅपच्या फेरीत कॉलेजही मिळाले. अडले कुठे? जात पडताळणीत. व्हॅलिडिटी नाही. पंचायत समितीतला शेतीचा माणूस यात काय करणार? पण गावात ओळखीचा साहेब म्हणजे सगळ्या कामांचा साहेब, अशी आपली रीत. मी दोन ठिकाणी फोन केले, एका ठिकाणी त्यांच्याबरोबर जाऊन आलो. मुदत गेली. राखीव जागा गेली, आणि खुल्या जागेची फी भरायची तर बैलजोडी आणि वरकस दोन्ही विकूनही भागले नसते.

आता यातली गोम ऐका. त्या मुलीच्या पणजोबांची नोंद होती. १९५० च्या आधीची, जमातीचा उल्लेख असलेली. जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात. पण ते रजिस्टर कोणत्या कपाटात, कोणत्या गठ्ठ्यात, हे सांगणारे कोणी नव्हते. सापडले ते भाद्रपदात, गौरी-गणपती आटोपल्यावर. व्हॅलिडिटी आली गेल्या महिन्यात. तोवर वर्ष गेले होते.

आणि ती मुलगी शिकायला निघाली होती काय? कागद आणि माहिती कशी ठेवावी, कशी शोधावी, वेळेवर कशी द्यावी, हेच शास्त्र. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मला त्या दिवशी खरेच लाज वाटली.

या शास्त्राला माहिती व्यवस्थापन म्हणतात. नाव मोठे आहे, पण आपल्या भागाला ते परके नाही. जुन्या मुंबई इलाख्यात अँडरसनसाहेबाच्या मॅन्युअलने गावचे हिशेब बांधून दिले. गाव नमुने एकवीस. सातबारा म्हणजे त्यातला सात आणि बारा. फेरफार सहाचा, खातेउतारा आठ-अ. कोणती माहिती कोणी लिहायची, कशावरून लिहायची, कोणी तपासायची आणि कोणाला दाखवायची, हे त्यात ठरलेले होते. माहिती व्यवस्थापन म्हणजे याहून काय वेगळे? आज कागदाच्या जागी संगणक आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि आपले पीक आपणच मोबाईलवर नोंदवायला लागलो. २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर कृषी खात्याच्या योजनेचा अर्ज पुढे सरकत नाही. साधन बदलले, प्रश्न तोच राहिला. बांधावर रेंज नाही म्हणून वालाची नोंद राहिली, तर ते पीक सरकारच्या लेखी उगवलेच नाही.

माहिती कुठे नसली म्हणजे काय होते, हे खालापूरकरांना मी सांगावे असे नाही. १९ जुलै २०२३ ची रात्र कोणी विसरलेले नाही. इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. यादी केली की दरड थांबते असे कोणी म्हणणार नाही. पण त्या रात्री वाडीत नेमकी किती माणसे झोपली होती, कोण आश्रमशाळेत होते, कोण कामाला बाहेर होते, हे खाली चौकात बसून जुळवावे लागले. जे वाचले त्यांचे दाखले, रेशनकार्डे, सातबाऱ्याच्या नकला सगळे मातीत गेले. ज्याची नोंद दुसरीकडे जपलेली होती त्याला नवा कागद लवकर मिळू शकतो. ज्याची नव्हती त्याला आपण कोण आहोत हे पहिल्यापासून सिद्ध करायचे.

दुसरे उदाहरण ताजेच आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा राज्यभरची दप्तरे उघडली गेली. मोडी वाचणारे शोधून आणावे लागले. आरक्षणाबद्दल तुमचे-माझे मत काहीही असो, इतकी वर्षे कपाटात काय पडले होते याची यादीच बहुतेक ठिकाणी नव्हती, हे त्या वेळी सर्वांना दिसले.

आणि नुसता संगणक आणून बसवला की काम झाले, असेही नाही. १९९८ मध्ये वारणानगरला मोठा प्रयोग झाला. वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांत संगणक केंद्रे काढली. ऊस किती गेला, तोड कधी, खत किती उचलले, हे गावातच कळावे म्हणून. देशभरचे लोक पाहायला येत. पुढे पाहिले तर शेतकरी त्या केंद्रावर येत होता तो मुख्यतः आपल्या उसाच्या हिशेबासाठी. बाकीचे मोठमोठे बेत तसेच राहिले. २००७ च्या सुमारास काही गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या संदेशावर करून पाहिले, आणि ते स्वस्तात होऊ लागले. शेतकऱ्याला नेमके काय हवे आहे हे आधी विचारायचे, यंत्र नंतर घ्यायचे. हे ज्याला कळते तो या विषयात पुढे जातो. म्हणून माझे म्हणणे असे, की डेअरीचे रजिस्टर, रेशनची वही, बचत गटाचा हिशेब ज्या पोरांनी जवळून पाहिला आहे ती या अभ्यासाला मुळीच कमी नाहीत. उलट चार पावले पुढेच आहेत.

आता वाटा कोणत्या ते सांगतो. नावाच्या मागे लागू नका. 'माहिती व्यवस्थापनाची मास्टर डिग्री' एकाच नावाने मिळत नाही.

मुंबई विद्यापीठात नोकरी करणाऱ्या पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अर्धवेळ अभ्यासक्रम चालत आला आहे. त्याचे नावच मास्टर इन इन्फर्मेशन मॅनेजमेंट. चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था ही त्यातली नावाजलेली जागा. पदवी हवी, कामाचा अनुभव हवा, आणि मुलाखतीला तोंड द्यायची तयारी हवी. दर वर्षी प्रत्येक संस्थेत जागा निघतीलच असे नाही, तेव्हा अर्जाआधी संस्थेत विचारून घ्या. आणि हेही बघा, की वर्ग संध्याकाळचे. कर्जतहून सीएसएमटी शंभर किलोमीटर, लोकलने दोन तास. खोपोलीकराला त्याच्याही पुढे पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी. वर्ग सुटल्यावर चर्चगेटहून सीएसएमटी गाठायचे आणि कर्जत पकडायची. तीन वर्षे हे जमणार का, हे घरात बसून आधी ठरवा. पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्याला हा प्रश्न नाही, आपल्याला आहे.

दुसरी वाट एम.सी.ए.ची. पूर्वी तीन वर्षांचा होता, २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला. त्याला पदवी लागते. बारावीला किंवा पदवीला गणित असण्याची अट नीट वाचा, कारण या अटीत अलीकडे बदल होत आले आहेत आणि यंदाच्या माहितीपुस्तिकेत जे छापले असेल तेच खरे. तिसरी वाट एम.बी.ए. किंवा मुंबई विद्यापीठाचा एम.एम.एस.; त्यात दुसऱ्या वर्षी माहिती तंत्रज्ञान हा विशेष विषय घेता येतो. कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. बी.ए. झालेल्या पोरांनी हे लक्षात ठेवावे. दोन्हींसाठी पदवीला पन्नास टक्के, राज्यातल्या मागासवर्गीय उमेदवाराला पंचेचाळीस.

दोन्ही परीक्षा राज्याच्या सीईटी कक्षाच्या. अर्ज थंडीत निघतात, परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास, आणि कॅपच्या फेऱ्या पावसाळ्यात. परीक्षेत तर्क, इंग्रजी, आणि एम.सी.ए.ला गणित व संगणकाच्या मूळ कल्पना येतात. इंग्रजीला आपली पोरे घाबरतात. पण जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या की भीती निम्मी होते, हे मी दोघा-तिघांच्या बाबतीत पाहिले आहे. रोज तासभर, बस्स. क्लासला पन्नास हजार घालायलाच हवेत असे मला वाटत नाही. कोणाला वाटत असेल तर त्यांनी घालावेत.

इग्नूचा घरबसल्या करायचा एम.सी.ए.ही आहे. परदेशात जायचे मनात असेल तर अमेरिकेत मेरीलँड, वॉशिंग्टन अशा विद्यापीठांत याच नावाच्या पदव्या आहेत. तिथे मार्कांबरोबर 'मला हे का शिकायचे आहे' असे निवेदन आणि ओळखणाऱ्यांची शिफारसपत्रे मागतात. ते निवेदन दुकानात बसून विकत घेऊ नका. आपल्या वाडीतल्या रेशनच्या रजिस्टरात काय गोंधळ होता आणि तो तुम्ही कसा सोडवला, हे चार साध्या वाक्यांत लिहिले तरी ते उसन्या इंग्रजीपेक्षा वजनदार होते. अर्धवेळच्या मुलाखतीलाही हेच लागू. एक पोरगा मला म्हणाला, साहेब, मुलाखतीत वडील काय करतात विचारले तर शेती सांगू का? अरे बाबा, मग काय सांगणार?

इथे थोडे माझे. मी कृषी पदविकाधारक. दहावीनंतर डिप्लोमा, मग नोकरी. बारावीसुद्धा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. दोन वर्षांपूर्वी या अर्धवेळ कोर्सची माहिती वाचली आणि मलाच हुरूप आला. दहा-अकरा वर्षांचा अनुभव, गावोगावच्या याद्या तयार करून बोटे झिजलेली, आपण का नको? अर्ज उघडला आणि 'पदवी' या रकान्यापाशी थांबलो. डिप्लोमा म्हणजे पदवी नव्हे. अनुभव कितीही असो, तो रकाना रिकामा तर अर्ज रिकामा. कोणी तरी मला सांगितले होते की 'चालते, डिप्लोमावर घेतात, थोडी जास्त फी पडते.' नाव घेत नाही, पण अशी दुकाने आपल्या स्टेशनांजवळही आहेत. पैसे भरले नाहीत हे नशीब. आज नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतोय. हे विद्यापीठ १९८९ मध्ये अशाच लोकांसाठी निघाले. पस्तिशीत पेपर लिहिताना हात दुखतो, पण लाज वाटत नाही.

हे मुद्दाम सांगितले, कारण ग्रामसेवकांत, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्यात, कृषी पदविकेवर लागलेले खूपजण आहेत. भाऊसाहेब, तुमच्यापैकी कोणाच्या मनात हे शिक्षण असेल तर आधी पदवी, मग मास्टर. मधली पायरी गाळून देतो म्हणणारा माणूस तुमचे पैसे गाळणार. मुक्त किंवा दूरशिक्षणाची पदवी असेल तर त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे का हे बघा. एम.बी.ए.-एम.सी.ए. असेल तर एआयसीटीईची मान्यता बघा.

आता कागद. सगळ्यात जास्त पोरे इथेच बुडतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, आपल्याकडची बरीच मुले बारावी आर्ट्स-कॉमर्स करून साध्या पदवीला जातात. तिथे जातीच्या दाखल्यावर भागते, पडताळणीचे प्रमाणपत्र सहसा कोणी मागत नाही. बारावी सायन्सवाल्यांना इंजिनीअरिंगच्या नादाने निदान त्याची आठवण तरी होते. साध्या पदवीवाल्याला ती होते थेट एम.सी.ए.-एम.बी.ए.च्या वेळी, तीन वर्षांनी, आणि तेव्हा हातात पंधरा दिवस असतात. त्या ठाकूर मुलीचे हेच झाले. तेव्हा मुलगा बारावीत असो की बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, व्हॅलिडिटीचा अर्ज आजच टाका. सरकार कधी कधी मुदत वाढवते, पण त्या भरवशावर राहणे म्हणजे हस्ताच्या पावसाच्या भरवशावर भात सोडण्यासारखे.

अनुसूचित जमातीची पडताळणी ठाण्याच्या समितीकडे, बाकीच्यांची जिल्हा समितीकडे. पुरावा कधीचा लागतो ते लिहून ठेवा: अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधी आजोबा-पणजोबा शाळेत गेलेले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. शाळेतच गेले नसतील, आणि वाड्यांवरची बहुतेक माणसे गेली नव्हती, तर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुने फेरफार, हक्कनोंदणीचा उतारा. रक्तातल्या नातलगाची व्हॅलिडिटी झालेली असेल, चुलत्याची, चुलतभावाची, तर ती आधी मागा. भावकीत बोलणे नसेल तर या निमित्ताने बोला.

नावांचा घोळ हा दुसरा रोग. शाळेच्या दाखल्यावर बाळू, आधारवर बाळाराम, सातबाऱ्यावर बाळ्या. जमातीच्या रकान्यात एका पिढीला 'ठाकर', दुसरीला 'ठाकूर'. राज्याच्या यादीत दोन्ही शब्द आहेत, त्याने घाबरू नका, पण वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात ही माणसे एकच आहेत हे नीट लिहा. कातकरी बांधवांच्या बाबतीत तर स्थलांतराने आणखी पंचाईत. दिवाळीनंतर भट्ट्यांवर जायचे, पावसाळ्यात परत. बाप एका गावच्या रजिस्टरात, आजा दुसऱ्या, शाळा तिसऱ्या. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती केंद्राने अतिमागास आदिम म्हणून वेगळ्या नोंदल्या त्यात कातकरी आहेत. त्यांचा मुलगा मास्टर डिग्रीच्या दारापर्यंत आला तर त्याचे कागद आपण सगळ्यांनी मिळून गोळा करायला हवेत. एकट्या बापाकडून ते होणार नाही.

इतर मागासवर्गाला नॉन-क्रिमिलेयर लागते आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षीचे चालते म्हणून बसलेले दर वर्षी भेटतात. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही चालू वर्षाचा हवा. उत्पन्नाचा, रहिवासाचा आणि अल्पभूधारकाचा दाखला सेतूत अर्ज देऊन घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक दाखल्याला दिवस ठरवून दिले आहेत. अर्जाची पोच घ्या, तारीख टाकून घ्या. 'उद्या या' ही पोच नव्हे.

अल्पभूधारकाचा दाखला कशाला, असे एकाने विचारले. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे ना, तो अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलासाठीच आहे. आपल्या दोन तालुक्यांत अल्पभूधारक नाही असे घर शोधावे लागेल, आणि तरीही हा दाखला काढणारे थोडे. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना शिक्षण शुल्कात सवलत मिळते. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यात धरलेली नाहीत, म्हणून कॉलेज निवडतानाच विचारा. आदिवासी मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह, आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वयम योजना आहे. चौकशी पेणच्या प्रकल्प कार्यालयात.

पण एक अट काळजावर कोरा. हे सगळे कॅपच्या फेरीतून मिळालेल्या जागेला आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर यातले काही नाही. इथे मला आपल्या भागाचे एक दुखणे सांगायचे आहे. रस्त्यालगतचा तुकडा फार्महाऊसवाल्याला दिला, चार पैसे हातात आले, आणि मुलगा म्हणतो अमुक कॉलेजला डोनेशन भरू. बाप विचार करतो, जमीन तर गेलीच आहे, निदान पोरगा शिकेल. मी शिक्षणाच्या आड येणारा नाही. पण ज्या मुलाने सीईटीसाठी तीन महिने बसायला नको म्हटले, त्याच्यासाठी जमिनीचा पैसा एकरकमी मोजणे मला पटत नाही. एक वर्ष थांबा, परत परीक्षा द्या. शेत गेले की ते परत येत नाही, सीईटी दर वर्षी येते.

आता चावडीकडे वळतो. भाऊसाहेब, राग मानू नका. कामाचा बोजा काय असतो ते मी रोज बघतो. एकाकडे तीन-तीन सजे, त्यात निवडणूक, पंचनामे, शिबिरे. पण माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याच्या चौथ्या कलमात पहिलीच गोष्ट सांगितली आहे: आपल्या ताब्यातले अभिलेख सूची करून, क्रम लावून ठेवा. अर्ज येण्याची वाट न पाहता. वीस वर्षे झाली. किती ग्रामपंचायतींत आणि किती सजांत अशी सूची आहे, हे आपले आपणच मोजावे.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गावाने एक दोनशे पानी वही घ्यावी. गावाशी संबंधित कोणते जुने रजिस्टर आहे, कोणत्या वर्षाचे, लिपी मोडी की बाळबोध, कोणत्या कार्यालयात, कोणत्या गठ्ठ्यात, आणि अवस्था कशी, वाळवी लागली की शाबूत. बस्स, एवढेच. रजिस्टरातला मजकूर उतरवायचा नाही, कोणाची खासगी नोंद बाहेर काढायची नाही. रजिस्टर कुठे आहे एवढेच लिहायचे. शाळेच्या मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टरांचे तसेच करावे. तहसीलच्या अभिलेख कक्षात बसायला तहसीलदारांची लेखी परवानगी लागेल, ती सरपंचांनी ठरावासह मागावी. गावात पदवी झालेली, सीईटीची वाट बघणारी दोन-चार मुले असतातच. त्यांना या कामाला घ्या. त्यांना अनुभव मिळेल, तुमची सूची होईल. त्या ठाकूर मुलीनेच आपल्या वाडीपुरते हे काम सुरू केले आहे. पणजोबांचे नाव शोधताना तिला त्याच गठ्ठ्यात आणखी अकरा घरांच्या नोंदी दिसल्या होत्या. गठ्ठ्याचा नंबर तिने आठवणीने लिहून ठेवला होता. त्यातल्या तिघांचे अर्ज ठाण्याला गेले.

ती यंदा परत सीईटीला बसणार आहे. एम.सी.ए. पहिला पर्याय, एम.एम.एस. दुसरा. वडिलांनी या वेळी आवणीच्या दिवसांसाठी आधीच मेव्हण्याला सांगून ठेवले आहे, म्हणजे फेरीच्या दिवशी मुलीबरोबर जायला ते मोकळे.

ज्यांना अर्ज समजून घ्यायचा आहे त्यांनी सोमवारी, बाजाराच्या गडबडीआधी, सकाळी पंचायत समितीत यावे. मी दौऱ्यावर नसलो तर भेटेन. शेतीचे काम आधी, हे नंतर, एवढी वेळ द्यावी. येताना शाळा सोडल्याचा दाखला, आधार, सातबारा आणि वडिलांच्या भावकीतली नावे कागदावर लिहून आणा, पणजोबापर्यंत तरी. झेरॉक्स घरूनच दोन-दोन आणा, आमच्या समोरच्या दुकानात अकराशिवाय वीज नसते.